खोली हाय, कमरा नाही

पहिल्या भेटीत त्यांनी मला नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, आणि बदलीवर आलेल्या बाईला घरमालक हमखास विचारतात ते 'एकट्याच का?' हेही विचारलं नाही. ओट्यावर उकिडवे बसून ते रंगाच्या डब्याचं झाकण पेचकसानं उचकटत होते. मी माझ्या जेमतेम हिंदीत विचारलं, "काकाजी, कमरा खाली है क्या?"

त्यांचा हात थांबला. "कमरा नाही," ते म्हणाले.

मी वळले. फाटकाची कडी काढली तेव्हा मागून आवाज आला, "खोली हाय."

माणूस मराठी निघाला याचा आनंद मानावा, की त्याच्या डोक्यात काही बिघाड आहे असं समजावं, मला कळेना. मी परत आले. "खोली हाय, कमरा नाही," त्यांनी पुन्हा नीट समजावून सांगितलं, जणू मी किराणा दुकानात जाऊन औषध मागितलं होतं. मग पेचकस खाली ठेवून त्यांनी बोटानं हवेत दोन वाटोळी वळणं काढली आणि त्यांच्यावर एक आखूड दांडा दिला.

"बाई, तुमच्या नावात हे हाय का?"

"काय?"

पुन्हा दोन वाटोळी, पुन्हा दांडा.

"ळ?"

"हौ, तेच."

"आहे."

"मंग राहा," असं म्हणून ते परत झाकणाकडे वळले. त्या घरात मी तीन वर्षं काढली ती एका अक्षराच्या वशिल्यावर. माझं नाव इथे सांगत नाही. त्यात ळ आहे, एवढं पुरे.

त्यांनी ते अक्षर तोंडानं न विचारता हवेत का काढलं, हे कळायला मला आठवडा लागला. त्यांना ते उच्चारता येत नव्हतं. त्यांनाच काय, त्या वॉर्डात कुणालाच येत नव्हतं. बालाघाट मध्य प्रदेशात असलं तरी गोंदियाला खेटून आहे, त्यामुळे आमच्या गल्लीतली निम्मी घरं मराठी बोलणारी. पण त्यांच्या बोलीत ळ चा र होतो. डोळा म्हणजे डोरा, शाळा म्हणजे शारा, आणि सकाळी उठायचं ते सकारी. उरलेली घरं हिंदी बोलणारी, त्यांच्याकडे ळ चा सरळ ल. थोडक्यात, त्या अक्षराला तिथे घर नव्हतं. मी नाशिककडची. मी बँकेत रुजू झाले त्या दिवशी टेबलावर माझ्या नावाची पाटी आली, तिच्यातही ल होता. मी म्हटलं, जाऊ दे.

काकाजी पासबुक भरायला आले आणि त्यांना ती पाटी दिसली. सारी गल्ली त्यांना काकाजीच म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, ते पासबुकाशिवाय. शर्टाच्या खिशातून बारका ब्रश काढला, पिशवीतून काळ्या रंगाची डबी काढली, आणि मागे रांग खोळंबलेली असताना माझी पाटी उभ्या उभ्या दुरुस्त केली. मॅनेजर केबिनमधून पाहत राहिले. त्यांना वाटलं हेड ऑफिसकडून माणूस आलाय.

मला चौकशा करायची खोड आहे. ती बँकेत उपयोगी पडते, शेजारपाजारी पडत नाही. तरी मी त्यांना विचारलंच, की जे अक्षर तुम्हाला बोलता येत नाही ते लिहिण्याचा एवढा हट्ट कशाला?

"माही जीभ नाही पोचत तिथे," ते म्हणाले. "हात पोचते."

मग रोज सकाळचा एक कार्यक्रमच झाला. मी डबा घेऊन निघाले की ते ओट्यावरून म्हणायचे, "बाई, शारा बोला." मी म्हणायची, "शाळा." "पुन्हा." "शाळा." ते डोळे मिटून ऐकायचे. एखाद दिवशी 'केर' असायचं, एखाद दिवशी 'जवर'. मी केळ म्हणायची, जवळ म्हणायची आणि बँकेत उशिरा पोचायची.

ते भरवेलीच्या खाणीत पेंटर होते. साऱ्या नोकरीत त्यांनी सूचनांच्या पाट्या रंगवल्या, बाहेरच्या पाट्या फक्त सुट्टीच्या दिवशी. "ड्यूटीवर मी एकच गोष्ट लिहली बाई, 'मत करो'. इथे मत चढो, तिथे मत थूको, बिना टोपी के अंदर मत जाओ. रिटायर झालो तवा म्हनलं, आता दुसरं काही लिहू." त्यांची सायकल खाणीच्या दिवसांतली. तिच्या कॅरियरला दोरीनं बांधलेला डब्यांचा गठ्ठा असायचा. कुणाच्या घरी रंगकाम झालं की उरलासुरला रंग काकाजींकडे पोचवायचा, हा वॉर्डाचा रिवाज होता.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षाच. ते भिंती वाचायचे. "ह्या ग ले जेवाले नाही भेटत," एका शिकवणीच्या पाटीसमोर ते हळहळायचे. "हा श लंगडून राह्यला. अन् हे पाहा, ह्या ह ची त कंबरच गेली." फ्लेक्स छापणारे त्यांना पाहून शटर अर्धं ओढून घ्यायचे. पण ते उगाच कुणाच्या पाटीला हात लावत नसत. फळवाल्याच्या गाडीवर 'केला' लिहिलेलं होतं. काकाजींनी ब्रश काढला तर तो म्हणाला, "काकाजी, मेरा केला हिंदी में है." काकाजींनी थोडा विचार केला. "बरोबर हाय तुमचं," म्हणाले आणि ब्रश खिशात घातला. पुढच्या चौकातल्या किराणा दुकानाच्या मालकाचं नाव गोपाळ होतं, त्याला मात्र त्यांनी सोडलं नाही.

गल्लीतल्या पोरांनी एकदा त्यांची फिरकी घेतली. म्हणाले, काकाजी, मग बालाघाटमध्ये का नाही तुमचं ते अक्षर? सगळे हसले. काकाजी हसले नाहीत. दोन दिवस ते वॉर्डातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारत फिरले, आणि तिसऱ्या दिवशी चौकात येऊन सांगितलं, "नाही. तिथे नाही तो. जिथे नाही तिथे नाही लावाचा." या प्रामाणिकपणामुळे त्यांना कुणी पुरतं वेडं ठरवू शकत नव्हतं.

रामपायलीच्या जत्रेतले दुकानदार अजून त्यांच्याकडूनच पाट्या करून घेत. काकाजींची एकच अट होती. तोंडी सांगितलेलं नाव ते लिहीत नसत. "तुमच्या हातानं कागदावर लिहून आना. नमुना असल्याबिगर मी ब्रश उचलत नाही." किरनापुरचा एक सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, मला लिहिता येत नाही. "मंग शिका. मी थांबतो," काकाजी म्हणाले. तो गेला आणि आठ दिवसांनी वाकड्यातिकड्या अक्षरांचा कागद घेऊन आला. त्याच्या पाटीवरची अक्षरं सुंदर होती, पण त्यातला क थोडा डावीकडे कललेला होता, कारण नमुन्यात तो तसा होता.

हे सगळं विक्षिप्तपणात जमा करून मी मोकळी झाले असते. पण काकाजींच्या घराची दर्शनी भिंत मला स्वस्थ बसू देईना.

आमच्याकडे लग्नाच्या पत्रिका वाटतात, तिकडे शिवाय घराच्या दर्शनी भिंतीवर नवरानवरीची नावं रंगवतात. पुढचं लग्न होईपर्यंत ती तशीच राहतात. काकाजींच्या भिंतीवर त्यांच्या स्वतःच्या लग्नाची नावं होती. वर 'मंगल परिणय'. डावीकडचं नाव, म्हणजे त्यांचं, पावसाच्या माऱ्यानं धुऊन गेलेलं. मग 'संग'. आणि उजवीकडे, वळचणीखाली, शाबूत राहिलेलं 'कमला'. शेजारी एक कमळ, इतकं नजाकतीनं काढलेलं की त्याच्या पाकळ्यांवरच्या शिरासुद्धा दिसत होत्या. दर दिवाळीला भिंतीला चुना लागायचा, पण नावं सोडून. वर्षानुवर्षांच्या चुन्यानं भिंत जाड होत गेली आणि नावांचा चौकोन कोनाड्यासारखा आत राहिला.

कमळ काढलेलं, म्हणजे नाव कमळा असणार हे उघड होतं. मग साऱ्या गावाचे ळ दुरुस्त करत फिरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दारात ल कसा?

विचारलं तर ते दुसरंच काहीतरी बोलू लागत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एवढंच गल्लीतून कळलं. त्या भिंतीला ते कुणाला हात लावू देत नसत. निवडणुकीची आचारसंहिता लागली तेव्हा चुन्याची बादली घेऊन दोन माणसं आली. भिंतीवरची निवडणूक चिन्हं पुसायचं काम त्यांच्याकडे होतं आणि कमळ पाहून ती थबकली. काकाजी दोन्ही हात पसरून भिंतीसमोर उभे राहिले. "साहेब, ये पार्टी नहीं है. ये हमारी घरवाली है." त्या बिचाऱ्यांनी पुष्कळ समजावलं. शेवटी कमळावर पोतं टांगायचं ठरलं. निकाल लागला त्या सकाळी काकाजींनी सगळ्यात आधी पोतं काढलं. कोण निवडून आलं हे त्यांनी दुपारपर्यंत विचारलंही नाही.

घरात आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे 'कमरा' या शब्दाला बंदी. माझ्याकडे आलेली हिंदी बोलणारी मैत्रीण सहज म्हणाली, "तुम्हारा कमरा अच्छा है," तर ओट्यावरून आवाज आला, "खोली!" दुसरी म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातली मातीची कोठी. धान भरायची, माणसाच्या छातीइतकी उंच. ती रिकामी होती, तरी तिच्यावर एक जुनं लुगडं पांघरलेलं असायचं. मी एकदा तिच्यावर चहाची कपबशी ठेवली, तर त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली.

तिसऱ्या वर्षी थंडी सरता सरता शहरात स्पर्धा जाहीर झाली. वॉर्डावॉर्डांतून सगळ्यात देखणी गल्ली निवडायची. भिंती लोकांनीच रंगवायच्या. समोरच्या घरातली रोशनी बालवाडीत शिकवायची, ती पुढे झाली. सगळ्यांना काकाजींच्या ओट्यावर जमवलं आणि मोबाइलवर दुसऱ्या शहरांतल्या भिंती दाखवल्या. मोर, झाडं, हत्ती.

"मोर काहून?" काकाजी म्हणाले. "आपल्या गल्लीत मोर राह्यते का?"

"नहीं, लेकिन..."

"जे राह्यते ते काढा."

"यहाँ तो हम ही रहते हैं, काकाजी."

"हौ. मंग तेच. पन पाट्या पाहा साऱ्या. ह्या गल्लीत नुसते मानसंच राह्यतात का?"

सगळ्यांनी माना वळवून आपापल्या दारांकडे पाहिलं. खरंच, प्रत्येक पाटीवर पुरुषाचं नाव होतं. तेव्हा ठरलं की प्रत्येक घराच्या भिंतीवर त्या घरातल्या बायकांची नावं लिहायची, मोठ्ठी, दोन हात उंच. काकाजींनी दोनच नियम घातले. जिचं नाव तिनंच लिहायचं, दुसऱ्याच्या हातानं नाही. आणि एकही घर सोडायचं नाही.

मग महिनाभर आमच्या गल्लीत जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. भिंतीवर एकदम लिहायची बायकांना भीती वाटायची, म्हणून काकाजींनी सांगितलं की रोज सकाळी दारापुढे रांगोळीनं नाव काढा. गल्लीभर नावं उमटू लागली. त्यांच्यावरून स्कूटर जायच्या, कोंबड्या जायच्या, दुसऱ्या सकाळी पुन्हा नावं. काकाजी हात मागे बांधून फेरी मारायचे. "ह्या म ले श्वास घेऊ द्या जरा. अन् ह्या ता चा काना परून चालला, धरा त्याले."

पलीकडच्या घरात एक म्हातारी होती, सगळे तिला माय म्हणत. तिचं नाव काय, हे तिच्या मुलाला रेशन कार्ड काढून पाहावं लागलं. बायजा. "माह्यं नाव घ्याची कोनाले सवय नाही राह्यली," माय म्हणाली. "तूच लिही रे बाप्पा, मले नाही जमत." काकाजींनी साफ नकार दिला. पंधरा दिवस ती नुसता ब काढत होती. त्याचं पोट कधी उघडं राहायचं, कधी फुगायचं. एका सकाळी तो बरोबर जमला तेव्हा तिनं गल्लीतल्या प्रत्येकाला हाताला धरून आणून दाखवला आणि दुपारपर्यंत कुणालाही त्याच्यावर पाय ठेवू दिला नाही.

रविवारी भिंती रंगवायच्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी रोशनी घरांची यादी वाचत होती. कुठल्या घरात किती नावं, कुठला रंग. वाचता वाचता ती थांबली.

"और आपका घर, काकाजी? आपके यहाँ कौन लिखेगा?"

तिनं सहज विचारलं होतं. पण काकाजींच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. दोन्ही नियम त्यांचेच. घर सोडायचं नाही आणि दुसऱ्याच्या हातानं लिहायचं नाही. त्यांनी यादीकडे पाहिलं, मग आपल्या भिंतीकडे पाहिलं, आणि उठून आत गेले. शुक्रवारी ते ओट्यावर आले नाहीत. मला कुणी शाळा म्हणायला लावलं नाही आणि मी बँकेत वेळेवर पोचले. मला ते मुळीच आवडलं नाही.

रोशनी रडवेली झाली होती. "मैंने तो ऐसे ही पूछ लिया था, दीदी." संध्याकाळी घरी आल्यावर मी खिचडीचं पातेलं घेऊन त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात गेले. काकाजी कोठीसमोर जमिनीवर बसले होते. लुगडं घडी करून बाजूला ठेवलेलं होतं. मी प्रथमच ती कोठी उघडी पाहिली. तिच्या पोटावर, वाळलेल्या मातीत, बोटानं कोरलेली अक्षरं होती. कमळा. ळ ची दोन्ही वाटोळी दोन डोळ्यांसारखी खोल उमटलेली होती, एक मोठं, एक बारकं.

मी काही विचारलं नाही. खोड असूनही विचारलं नाही. तेच बोलू लागले.

"लग्नात भिंतीवर नावं मीच लिहली. नवरदेवच पेंटर, दुसऱ्याले काहून सांगाचं? फूल असं काढलं का लोक पाहाले येत. वरात दारात आली अन् ती थांबली. पायच उचलेना. भिंतीकडे पाहून म्हने, फूल माह्यं हाय, नाव माह्यं नोहे. कोनाचं हाय हे?"

तिला लिहिता-वाचता एवढंच येत होतं, स्वतःचं नाव. भावानं शेतातल्या खळ्यावर काडीनं शिकवलेलं. आणि नवऱ्याच्या दारात ती ते वाचायला गेली तर तिथे तिला दुसरीच बाई दिसली.

"तीन अक्षरं येत होती तिले बाई. त्यातलं एक मी खाऊन टाकलं. अन् वरून काय म्हनलं? म्हनलं, हिंदी में ऐसाच होता है. सारी वरात हासली. ती खाली मान घालून आत आली."

त्यांनी कोठीवर हात ठेवला. "पयल्या दिवारीले तिनं ही कोठी लिपली. ओल्या मातीत हे लिहलं अन् मले हाताले धरून आनलं. म्हने, तुमी साऱ्याइले नमुना मांगता ना, हा घ्या नमुना. डोरे कवा लावता? मी म्हनलं, पुढच्या दिवारीले. दर दिवारीले विचारत होती, डोरे कवा लावता. दर दिवारीले मी पुढची दिवारी सांगत होतो. साऱ्या जिल्ह्याचं काम टाइमावर देल्लं. हे एक राहून गेलं, अन् एका सकारी तीच गेली."

"नंतर का नाही बदललं?"

"ल चा ळ होत नाही बाई. ल पुसाच लागते. अन् ते चुन्यावरचं काम, ल पुसाले गेलो त म जाते, क जाते. सारी बाई जाते."

ळ म्हणताना त्यांनी बोटानं कोठीवरच्या अक्षराला हात लावला, म्हणून मला कळलं. ऐकू आला तो र च. मग ते हसले, कसनुसे. "मी तिले हाक मारत होतो तेही अशीच. माही जीभ अशी. कमरा. शेजारचे हिंदीवाले हासत, बीवी को कमरा बोलता है. तिले त्याचं काही नव्हतं. ती गेली अन् मी एकटा राह्यलो, तवा समोरची खोली भाड्यानं देवाची ठरवली. पयलाच मानूस आला अन् दारात उभा राहून म्हने, कमरा खाली है क्या?"

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. तीन वर्षांपूर्वी त्याच दारात उभं राहून मी तेच विचारलं होतं, आणि त्यांनी मला खरं तेच उत्तर दिलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी खिचडी वाढायचीही विसरले.

"मग आता लिहा," मी म्हणाले. "रविवारी."

"नेम माहाच हाय," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हातानं नाही."

शनिवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून बारीक टकटक ऐकू येत होती. तासन्‌तास. माझे कान तिकडेच होते.

रविवारी गल्ली उन्हाआधी जागी झाली. सूत धरून रेषा मारल्या गेल्या, डबे उघडले गेले, लेकरांना घरात कोंडलं गेलं आणि ती खिडकीतून बाहेर पडली. बायका स्टुलांवर, खाटांवर, एक तर मोटरसायकलच्या सीटवर उभी. माय खाली बसूनच लिहीत होती. तिचा ब इतका मोठा झाला की बाकीच्या अक्षरांना दाटीवाटीनं बसावं लागलं. मी माझं नाव माझ्या खोलीच्या दाराशेजारी लिहिलं, ळ सकट. दुपार होत आली तेव्हा गल्लीत एकच भिंत राहिली होती आणि सगळे तिच्याकडे न पाहिल्यासारखं करत होते.

काकाजी बाहेर आले. अंगात धुतलेला शर्ट. एका हातात मोठा कागद, दुसऱ्या हातात कोळशाच्या पुडीची पुरचुंडी. पेंटर लोकांची ही जुनी रीत आहे. अक्षरावर कागद लावून ते गिरवायचं, रेषेवर सुईनं भोकं पाडायची, मग तो कागद भिंतीला लावून वर पुरचुंडी आपटायची. भोकांतून पूड जाते आणि भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचं तेच अक्षर उतरतं, जसंच्या तसं. खाका म्हणतात त्याला.

"बाई, धरा," ते म्हणाले.

मी आणि रोशनीनं कागद धरला. जुन्या नावाच्या खाली, कमळाच्या देठाजवळ. त्यांनी पुरचुंडी आपटली, हलक्या हातानं, कडेपासून कडेपर्यंत. कागद काढला तेव्हा भिंतीवर कोठीवरचं नाव होतं. तिच्या बोटानं काढलेलं. त्यांनी खिशातला ब्रश काढला, निळ्या रंगात बुडवला आणि ठिपके जोडू लागले. वर ल तसाच होता, त्याला त्यांनी धक्का लावला नाही.

"काकाजी," रोशनी हळूच म्हणाली, "एक आँख छोटी हो गई है."

गल्लीतल्या प्रत्येक ग ची आणि श ची चौकशी करणाऱ्या त्या माणसानं मान हलवली. "तशीच हाय ती. लिहिनारीनं तशीच लिहली."

ब्रश पुसून ते दोन पावलं मागे सरले. मग माझ्याकडे वळले. "बाई, बोला."

"कमळा," मी म्हणाले.

"पुन्हा."

"कमळा."

तिसऱ्यांदा मी त्यांनी न सांगताच म्हणाले. ते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी स्वतः, अगदी हळू, त्यांच्या जिभेला येतं तसं ते नाव घेतलं. आसपासची पोरं हसली नाहीत.

आमच्या गल्लीला नंबर आला नाही. पाहायला आलेल्यांपैकी एकानं वहीत लिहिलं की वर्तनीत, म्हणजे शुद्धलेखनात, एकसारखेपणा नाही. काकाजींना ते फार आवडलं, ते चार दिवस सगळ्यांना सांगत फिरत होते.

पावसाळ्याच्या तोंडावर माझी बदली झाली. सामानाचा टेम्पो फाटकाशी उभा होता आणि मी खोलीला शेवटचं झाडत होते. एक तरुण मोटरसायकलवरून आला, किरनापुरचा होता, कुठल्याशा ऑफिसात नवीनच लागलेला. काकाजी ओट्यावर डब्याचं झाकण उचकटत बसले होते.

"काकाजी, कमरा है क्या?"

माझा झाडू थांबला. काकाजींनी मान वर केली. पेचकस हातातच होता, तो त्यांनी भिंतीकडे केला.

"हौ. वो रही."

तरुणानं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा काकाजींकडे. शिकलेला होता, त्याला राहवलं नाही. "काकाजी, कमरा हो तो 'वो रहा' बोलते हैं."

"तुम्हारा रहा होगा," काकाजी म्हणाले. "हमारी रही."